न धुतलेला रोल

मिरजेच्या आसपासच्या खेड्यांतून येणारी माणसं एक्स-रेला एक्स-रे म्हणत नसत. "डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय," असं म्हणून चिठ्ठी पुढं करायची. अण्णांनी तेहतीस वर्षं असे फोटो काढले. एका दवाखान्यात ते एक्स-रे टेक्निशियन होते, आणि आपले वडील फोटोग्राफर आहेत असं मी शाळेत सगळ्यांना सांगायची. डार्करूम होती, लाल दिवा होता, डेव्हलपर आणि हायपो या फिल्म धुवायच्या औषधांच्या टाक्या होत्या, हँगरला लावून निथळत ठेवलेल्या ओल्या फिल्म होत्या. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बोटांना हायपोचा आंबूस वास यायचा. आई आधी साबणानं हात धुवायला लावायची आणि मगच पान वाढायची.

डार्करूमच्या दाराला आतल्या बाजूनं त्यांनी एक कात्रण चिकटवलं होतं. एका बाईच्या हाताची हाडं आणि एका बोटात सैल दिसणारी अंगठी. रॉंटगेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्झबर्गला क्ष-किरण शोधले आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला बायकोचा हात फोटोच्या प्लेटवर ठेवून ही प्रतिमा काढली. "बघ, पहिल्यापासून हे दोघं एकत्रच आहेत," अण्णा म्हणायचे. दोघं म्हणजे क्ष-किरण आणि फिल्म.

हे सगळं माहीत असलेल्या घरातली मुलगी मी, आणि माझाच रोल विमानतळावर बॅगा तपासायच्या एक्स-रेनं बिघडला. म्हणून हे लिहिते आहे.

मी अजून फिल्मवर फोटो काढते. अण्णांनी दिलेला जुना पेंटॅक्स के-१००० आहे, त्यात काळा-पांढरा रोल घालायचा आणि छत्तीस फोटो पुरवून पुरवून काढायचे. गेल्या वर्षी बहिणीकडे युरोपात जायचं ठरलं, त्याच्या आधी चार दिवस मिरजेला होते. अण्णांना घेऊन सतारमेकर गल्लीत गेले. या गल्लीत दीडशेहून जास्त वर्षं तंबोरे आणि सतारी होतात. तलवारी-भाले घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून हे काम सुरू झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, आडव्या फळ्यांवर महिनोन्महिने वाळत पडलेले असतात. आम्ही ज्या दुकानात बसलो होतो तिथं एक वयस्कर कारागीर भला मोठा भोपळा मांडीत घेऊन आतून खरवडत होते. दुकानात उजेड फक्त दारातून. मागं अंधारात भोपळ्यांची उतरंड, आणि त्या उतरंडीला टेकून अण्णा उभे. हातात एक छोटा भोपळा, त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावून ऐकत होते. मी फोटो काढला. सेकंदाचा पंधरावा भाग, श्वास रोखून.

रोल धुवायला वेळ नव्हता. निघायची गडबड. दोन रोल झाले होते, ते तसेच प्लास्टिकच्या डब्यांत घालून खांद्याच्या बॅगेत टाकले. सोबतच असलेले बरे, असा विचार केला.

जाताना काही झालं नाही. परत येताना, एका मोठ्या विमानतळाच्या काउंटरवर माझी केबिन बॅग दोन किलो जास्त भरली. काउंटरवरच्या मुलीनं बॅग खाली सामानात जाईल म्हणून टॅग लावला. मी विचारलं, यात न धुतलेले फोटोचे रोल आहेत, मशीननं त्यांना काही होईल का? ती म्हणाली, काही होत नाही, आमच्या मशीन फिल्मसाठी सुरक्षित आहेत. बोलण्यात इतकी खात्री होती की मी बॅगेची चेन उघडलीच नाही. पट्टा सरकला आणि बॅग रबरी पडद्यामागं गेली. दोन रोल काढून खिशात घालायला दहा सेकंद लागले असते. ते दहा सेकंद मला अजून आठवतात.

पुण्याला आल्यावर आठवड्यानं रोल धुवायला घेतले. माझ्या टाकीत एका वेळी दोन रोल बसतात. एक मिरजेचा घातला, आणि एक परत आल्यावर पुण्यातच काढलेला. तेच डेव्हलपर, तेच तापमान, तेवढाच वेळ. न्हाणीघरातल्या दोरीवर दोन्ही शेजारी शेजारी वाळत टाकले आणि पाहते तर पुण्याचा रोल काचेसारखा स्वच्छ, आणि मिरजेचा रोल मळकट. नुसता मळकट असता तरी समजले असते. त्याच्यावर एक करडा पट्टा होता, आणि तो पट्टा सरळ नव्हता. नदी वळणं घेत जावी तसा वर-खाली, वर-खाली होत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. दोन फोटोंच्या मधल्या कोऱ्या जागेतूनही तो तसाच पुढं गेला होता, भोकांच्या रांगेवरूनही. पहिल्या फोटोपाशी लाटा रुंद होत्या, छत्तिसाव्याकडे जाताना जवळ जवळ येत गेल्या होत्या.

पुढच्या शनिवारी तो रोल घेऊन मिरजेला गेले.

अण्णांनी चष्मा पुसला, पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. एक्स-रे बघतानाही ते असेच गप्प व्हायचे. मग म्हणाले, "औषधाचा दोष नाही. औषधाचा असता तर दुसऱ्या रोललाही आला असता. कॅमेऱ्यात उजेड शिरला असता तर कडेनं जळल्यासारखं दिसलं असतं, आणि फोटोगणिक. हे रोल गुंडाळलेला असताना बाहेरून लागलंय. आरपार."

"पण मग लाट का?"

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेची लांब पट्टी फाडली, पेन्सिलीवर घट्ट गुंडाळली, पेन्सिल अलगद काढून घेतली आणि आईला म्हणाले, विळी आण. आईनं कांदा चिरायचं थांबवून विळी पुढं सरकवली. अण्णांनी ती गुंडाळी पात्यावर जरा तिरकी धरून एका झटक्यात कापली. मग उलगडली. कागदाची कड लाटांची झाली होती. आतल्या वेढ्यांच्या लाटा जवळ जवळ, बाहेरच्या वेढ्यांच्या लांब लांब. माझ्या रोलवर होती तशीच. "किरणांचा झोत सरळच गेला," ते म्हणाले. "तुझा रोल गोल होता."

आई कागद हातात घेऊन बघत राहिली. त्या कागदाला कांद्याचा वास येत होता.

एरवी लोक विचारतात तो प्रश्न वेगळा असतो. विमानतळावरच्या मशीननं माझा कॅमेरा खराब होईल का, असं विचारतात, आणि हल्ली बहुतेकांच्या मनात डिजिटल कॅमेरा किंवा मोबाइल असतो. त्यांनी निश्चिंत राहावं. सेन्सर, लेन्स, मेमरी कार्ड, कार्डावरचे फोटो, यांना सामान तपासायच्या क्ष-किरणांनी काही होत नाही. आपण चालत जातो ती धातू ओळखणारी चौकट किंवा हात वर करून उभं राहायचं ते अंगतपासणीचं मशीन, यांचा तर फिल्मलाही धोका नाही. डिजिटल कॅमेऱ्याला विमानतळावर खरा धोका असतो तो ट्रेमधून पडण्याचा, नाहीतर खाली सामानात टाकून फुटण्याचा. जादा बॅटऱ्या तशाही नियमानं सोबतच ठेवाव्या लागतात, तेव्हा कॅमेराही सोबतच ठेवावा. धुतलेल्या निगेटिव्हचीही काळजी नको. त्यांच्यातलं जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

जपायची ती न धुतलेली फिल्म. कोरी असो वा फोटो काढलेली.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक बारीक स्फटिक असतात. उजेड पडला की त्यांतल्या काही स्फटिकांत चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण धुताना डेव्हलपर नेमके तेच स्फटिक काळे करतो. क्ष-किरणही स्फटिकाला तेच करतात, आणि त्यांना डबा, बॅग, रोलची पत्र्याची नळी यांचा अडसर होत नाही. मोठे, जास्त संवेदनशील स्फटिक असलेली फिल्म लवकर बिघडते, म्हणून आयएसओ (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) १०० च्या रोलपेक्षा ४०० ला जास्त भीती, आणि ८०० च्या वर तर फारच. आणि हे साठत जातं. माणसाच्या अंगावरची जखम भरते, फिल्मवरची भरत नाही. मुंबईत थोडं, पुढच्या विमानतळावर थोडं, परतीला थोडं, असं सगळं एकात एक मिळवलं जातं.

नुकसान सगळ्यात आधी दिसतं ते अंधारात. निगेटिव्हवर फोटोतला अंधार म्हणजे जवळजवळ पारदर्शक जागा, आणि तिथं थोडा काळेपणा चढला तरी छापताना काळ्याचा राखाडी होतो. माझ्या फोटोत दारापाशी बसलेले कारागीर वाचले. त्यांचे हात, खरवडलेल्या भोपळ्याचा कीस, सगळं दिसतं. गेले ते मागं अंधारात उभे असलेले अण्णा.

चांदीच्या या हळवेपणानं शास्त्राचं केवढं काम केलं आहे, हे मला अण्णांनीच पहिल्यांदा सांगितलं. पॅरिसमध्ये १८९६ च्या फेब्रुवारीत आंरी बेकरेल हा शास्त्रज्ञ युरेनियमचा क्षार आणि काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची प्लेट घेऊन उन्हाची वाट बघत होता. आभाळ आलं होतं. त्यानं प्लेट आणि क्षार दोन्ही ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. १ मार्चला, ऊन न दाखवताच, प्लेट धुतली तर तिच्यावर क्षाराची गडद खूण. किरणोत्सर्ग माणसाला कळला तो असा, एका बिघडलेल्या प्लेटमुळं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. १९४५ साली अमेरिकेत कोडॅककडे तक्रारी आल्या की नव्या एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके येताहेत. ज्युलियन वेब नावाच्या त्यांच्या शास्त्रज्ञानं शोध घेत घेत फिल्मच्या गठ्ठ्यात घालायच्या पुठ्ठ्यापर्यंत माग काढला. तो पुठ्ठा इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्सच्या गिरणीत, वॉबॅश नदीच्या काठी, गवताच्या काडापासून झाला होता. आधी वाटलं रेडियम असेल, कारण युद्धकाळात घड्याळांच्या चमकत्या तबकड्या बनवणाऱ्या कारखान्यांतून पुठ्ठ्यात रेडियम शिरल्याचा अनुभव होता. पण हा पदार्थ वेगळा निघाला, सेरियमचा एक प्रकार, जो अणू फुटल्यावर तयार होतो. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली होती. तिची धूळ दीड हजारांहून जास्त किलोमीटर वाहत येऊन त्या पुठ्ठ्यात उतरली होती. ज्या चाचणीबद्दल जगाला काही कळू दिलं नव्हतं, तिची साक्ष फिल्मच्या बंद खोक्यात उमटली. वेबनं हे १९४९ मध्ये छापलं. ज्यांच्या छातीचे ते फोटो निघाले त्या रुग्णांना आपल्या फिल्मवरचा ठिपका कशाचा हे कोणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

अण्णांच्या आधीच्या पिढीतले टेक्निशियन तर छातीला फिल्मचा बिल्लाच लावायचे. आत फिल्मचा छोटा तुकडा. काही दिवसांनी तो तपासायला जायचा, आणि किती काळा पडला यावरून त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले हे मोजायचे. पुढं टीएलडी बिल्ले आले, फिल्मशिवाय किरण मोजणारे. म्हणजे कोणे एके काळी फिल्मचं हे बिघडणंच माणसाचा जीव राखत होतं. आपण तोच तुकडा नळीत घालून विमानतळावर नेतो आणि त्याला काही लागणार नाही असं धरून चालतो.

"फिल्मसाठी सुरक्षित" हे शब्द पूर्वी अगदीच खोटे नव्हते. हातातल्या बॅगा तपासायची जुनी मशीनं कमी ताकदीची. पट्ट्यावरून बॅग पुढं जाते आणि एका अरुंद झोतातून क्षणभर पार होते. १००, २००, ४०० चा रोल अशा मशीनमधून एक-दोनदा गेला तर डोळ्याला फरक कळत नाही. खाली सामानात जाणाऱ्या बॅगांची गोष्ट पहिल्यापासून वेगळी. नव्वदच्या दशकात तिथं स्फोटकं शोधणारी सीटी मशीनं आली आणि तेव्हापासूनच कोडॅक सांगत आलं आहे की सामानात फिल्म टाकू नका. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखंच यात झोत सामानाभोवती फिरतो, शेकडो बाजूंनी बघतो आणि त्यातून वस्तूचं पूर्ण चित्र उभं करतो. बघणाऱ्याला सोयीचं, फिल्मला जीवघेणं.

आता तीच सीटी मशीनं हातातल्या बॅगांसाठीही आली आहेत. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, आपल्याकडच्या मोठ्या विमानतळांवरही येऊ लागली आहेत. स्फोटकं नीट ओळखता येतात, रांग लवकर सरकते, आणि सुरक्षेसाठी ती हवीतच. पण "४०० पर्यंत चालतं" हा जुना हिशोब त्यांना लागू नाही. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक आणि इलफर्ड दोघांचंही सांगणं आहे की न धुतलेली फिल्म सीटी मशीनमध्ये घालू नका. मशीन बघूनही ओळखता येतं. चौकोनी खोक्याऐवजी अंगानं भरलेलं, बोगद्यासारखं गोल तोंडाचं धूड असतं. आणि लॅपटॉप बाहेर काढू नका, बॅगेतच राहू द्या, असं सांगितलं की समजायचं. तिथंच थांबून हात वर करायचा आणि हातानं तपासा म्हणायचं.

शिशाच्या पिशव्या मिळतात, त्यांचं मी अण्णांना विचारलं होतं. एक्स-रे विभागात शिशाचा एप्रन घालून उभ्या राहिलेल्या माणसाला विचारायला तोच योग्य. ते म्हणाले, पडद्यावर काळा ठोकळा दिसेल, आत काय आहे ते कळणार नाही, मग ते बॅग उघडतील नाहीतर पुन्हा फिरवतील. त्यापेक्षा आधीच सांगावं.

म्हणून आता मी रोल खोक्यातून आणि डब्यातून काढून पारदर्शक पिशवीत ठेवते, पिशवी बॅगेच्या वरच्या कप्प्यात. कॅमेऱ्यात अर्धवट रोल ठेवून निघत नाही, कारण कॅमेरा उघडून दाखवता येत नाही. तासभर आधी पोचते, रांग कमी असताना गाठते. आणि स्पष्ट बोलते. मला पूर्वी संकोच व्हायचा. मागं माणसं खोळंबलेली, पुढं दमलेले शिपाई, आपण चार रोलांसाठी त्यांना थांबवायचं. आता होत नाही. माझ्या हातात जे आहे ते दुसऱ्यांदा काढता येणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि समोरच्याला ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. काही ठिकाणी नकार मिळतो. मग मी तिथल्या वरिष्ठांना भेटायला मागते, आवाज न चढवता. गेल्या प्रवासात एका अधिकारी बाईंनी पिशवी हातात घेतली, एकेक रोल उलटसुलट करून बघितला, कापडाची पट्टी त्यांवरून फिरवून ती दुसऱ्या यंत्रात घातली, आणि परत देताना म्हणाल्या, "आमच्या लग्नाचे फोटो अशाच रोलवर आहेत. जपून न्या." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

तो लाटांचा फोटो मी छापला. कडक कागदावर, बराच वेळ धडपडून. कारागीर दारातल्या उजेडात आहेत, आणि मागं धुकं. धुक्यात बघत राहिलं की उतरंडीची गोलाई लागते, मग खांदा, मग चष्म्याची एक काच. अण्णांनी फोटो बघितला, दूर धरून, मग जवळ. "फुप्फुसात पाणी झालेल्याची प्लेट अशीच दिसते," म्हणाले. मग चष्म्याच्या त्या काचेवर नख टेकवून म्हणाले, "हा मीच आहे."

दिवाळीनंतर आम्ही परत त्या गल्लीत गेलो. तोच दरवाजा, सकाळचा तोच उजेड. मी अण्णांना तिथंच उभं केलं. कारागिरांनी आम्हाला ओळखलं. त्या दिवशी मांडीत होता तो भोपळा कुठाय, असं मी विचारलं, तर हसून म्हणाले, त्याचा तंबोरा झाला, जवारी लावून गेला सुद्धा. कुठल्या गावी ते त्यांनी वही बघून सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही. अण्णांनी फळीवरून दुसरा भोपळा उचलला, टकटक केली, कान लावला. हा अजून ओला होता. म्हणाले, आवाज येत नाही.

मी सात फोटो काढले आणि रोल तिथंच संपवला. दुकानाच्या पायरीवर बसून गुंडाळून बाहेर काढला. अण्णांनी खिशातलं पेन काढून नळीवर तारीख घातली, दवाखान्यात फिल्मच्या कोपऱ्यात घालायचे तशा सरळ, बारीक अक्षरात, आणि खाली लिहिलं, "धुवायचा आहे". त्या रात्री मी बसनं पुण्याला आले. रोल पूर्ण वेळ मुठीत होता.